२२व्ही१०: कुठलं समीकरण कुठल्या पिनवर?

समोर आहे २४ पिनांची २२व्ही१०, म्हणजे हवं ते लॉजिक लिहून घेता येणारी चिप. नवी कोरी असताना तिला कुठलंच काम येत नाही. आत १३२ आडव्या ओळी आणि ४४ उभ्या रेषांची जाळी आहे, प्रत्येक छेदावर एक बिट. हे ५,८०८ बिट कसे लिहाल त्यावर तिचा डीकोडर होतो किंवा काउंटर. गॅल जातीची असेल तर पुसून पुन्हा लिहिता येते.

पण या लवचिकतेला माप आहे, आणि ते पिनागणिक वेगळं आहे. आउटपुट १४ ते २३ या पिनांवर. कडेच्या १४ आणि २३ला ८-८ प्रॉडक्ट टर्म (टर्म म्हणजे इनपुटांचा एक अँड; पिनच्या टर्म ऑरने जोडल्या जातात). आत सरकत जाल तशा १०, १२, १४ आणि मधल्या १८, १९ला १६.

पॅरिटी घ्या, म्हणजे इनपुटांतले १ सम आहेत की विषम. चार इनपुटांना ८ टर्म लागतात, कुठल्याही पिनवर बसते. पाच इनपुटांना १६. आता फक्त १८ किंवा १९. सहा झाले की ३२, आणि समीकरणांचे बिट बनवणारा कंपायलर हात वर करतो. अशा वेळी समीकरण तोडा. तीन इनपुटांची पॅरिटी एका मॅक्रोसेलमध्ये (आउटपुट पिनमागचा भाग), ४ टर्म. तिचं उत्तर जाळीत परत घ्या आणि उरलेल्या तिघांशी दुसऱ्या मॅक्रोसेलमध्ये जोडा, ८ टर्म. बत्तीसचं काम बारात! किंमत वेळेत मोजावी लागते: सिग्नल जाळीतून दोनदा जातो, म्हणून १५ नॅनोसेकंदांच्या चिपला साधारण ३० धरा.

तोडण्याआधी मात्र समीकरण उलटं करून बघाच. दहा इनपुटांचा ऑर १० टर्म खातो, त्याचा उलटा एकच. मॅक्रोसेलमधला पोलॅरिटीचा, म्हणजे सुलट-उलट ठरवणारा बिट उत्तर पुन्हा सुलटं करतो. रजिस्टर (क्लॉकवर एक बिट धरून ठेवणारा भाग) वापरत असाल तर सांभाळा: वीज येताच रजिस्टर शून्य होतं, पण उलट्या पोलॅरिटीच्या पिनवर १ दिसतो.

सगळ्यात फसवी चूक सिम्युलेशनमध्ये दिसतही नाही. मल्टिप्लेक्सर सिलेक्टप्रमाणे ए किंवा बी यांतला एक इनपुट बाहेर पाठवतो. ए आणि बी दोन्ही १ असताना सिलेक्ट बदलला, की आउटपुट क्षणभर शून्यावर घसरू शकतो. एक टर्म बंद होते, दुसरी अजून सुरू झालेली नसते. हाच आउटपुट कुणाचा क्लॉक किंवा लॅचचा इनेबल असेल, तर सर्किट मधूनच चुकतं. उपाय म्हणजे ए-अँड-बी ही तिसरी टर्म. कंपायलर ती फालतू समजून काढून टाकतो, म्हणून त्या पिनपुरतं मिनिमायझेशन, म्हणजे टर्म कमी करणं, बंद ठेवा.