टाकळीचा पूल

(दृश्य: पहाट, पुलावरची वाहतूक)

सोलापूर ते विजयपूर, साधारण शंभर किलोमीटर. सोरेगाव, वडकबाळ, तेरामैल, नांदणी मागे पडली की टाकळी येते आणि टाकळीला भीमा. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे धुळखेड, कर्नाटक. सोलापूरच्या बाजार समितीकडे निघालेला कांदा, उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या, सगळं याच पुलावरून.

जुना 13 नंबरचा हायवे, आताचा 52. चौपदरीकरण चालू असताना फेब्रुवारी 2021 मध्ये इथल्या एका लेनचं 25.54 किलोमीटर डांबरीकरण 18 तासांत उरकलं. विक्रम झाला, कौतुकही झालं. आता जरा कठड्यावरून खाली बघू.

(दृश्य: उन्हाळ्यातलं पात्र)

हे पाणी पावसाचं नाही. सोलापूर शहराला प्यायला म्हणून उजनी धरणातून नदीत सोडलेलं आहे. उजनी ते पंढरपूर, तिथून मंगळवेढ्याच्या शिवारातून खाली. वाटेत आधी वाळूउपशाचे खड्डे भरतात, मग डोह, मग कुठे धार पुढे सरकते. आठवडा सहज जातो, कधी जास्तच. काठाला शेतीपंपांच्या मोटारींची रांग. पाणी येताना आपल्या काठाची वीज काही तासांवर आणतात. समोरच्या काठाला तो आदेश लागू नाही, राज्यच वेगळं.

(दृश्य: औज बंधारा, जवळून)

हा औजचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. खाचेत एकावर एक बसवलेले लोखंडी बर्गे, फटींतून उडणाऱ्या चिळकांड्या. अडवलेलं पाणी टाकळीच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे उपसा विहिरीत, तिथून पंपाने सोरेगावला, शुद्ध होऊन शहरात.

शहरात नळ रोज येत नाही. बॅरल, घागरी, दिसतंच आहे.

(दृश्य: पुराचं पाणी)

ऑक्टोबर 2020 मध्ये हीच भीमा काठ सोडून शेतात शिरली होती.

(दृश्य: मोठ्या व्यासाचे पाईप)

आता उजनीहून थेट सोलापूरला, जुन्या जलवाहिनीला समांतर, नवी जलवाहिनी टाकली आहे. शहराचं पाणी पाईपमधून गेलं की नदीत सोडावं लागणार नाही, असा हिशेब. तो बरोबरच आहे. पण शहराच्या नावाने आलेल्या पाण्यावर या काठांनी ऊस वाढवला, गुरं जगवली. मग पुढच्या उन्हाळ्यांत या पुलाखाली पाणी सोडायचं ते कोणाच्या नावाने?