माणशी अर्धा एकर : विलासराव साळुंखे यांची आठवण

(दृश्य : सासवडहून पूर्वेकडे जाणारा रस्ता. उघडे माळ, मागे भुलेश्वरचा डोंगर.)

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पुरंदरच्या या पूर्व पट्ट्यात येईपर्यंत दमलेला असतो. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, आणि तोही हुकला की हुकला. नायगाव याच पट्ट्यातलं. पाण्याच्या समान वाटणीसाठी ‘पाणी पंचायत’ उभी करणारे विलासराव साळुंखे इथले शेतकरी नव्हते. ते इंजिनिअर, पुण्यातले कारखानदार. त्यांची ‘अ‍ॅक्युरेट’ ही कंपनी गेज बनवायची. यंत्राचा सुटा भाग मापात उतरलाय की नाही, हे तपासायचं साधन म्हणजे गेज. केसाच्या जाडीहून कमी फरक पकडणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. पुढं पाण्याच्या कामातही त्यांनी मापाचा हट्ट सोडला नाही.

(दृश्य : १९७२ च्या दुष्काळाची कृष्णधवल छायाचित्रं.)

१९७२. विहिरी आटलेल्या, जनावरं दावणीला मेलेली. माणसं सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढत होती. कुटुंबंच्या कुटुंबं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. विलासरावांना खटकलं ते हे, की एवढ्या हातांनी फोडलेली खडी पुढच्या दुष्काळात कुणाच्या उपयोगी पडणार? त्याच श्रमात माळावरचं पाणी अडवता आलं असतं.

हिशेब अवघड नाही. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ४० एकरांवर ५०० मिलिमीटर, म्हणजे वर्षाला ८ कोटी लिटर. पाऊस कमी खरा, पण शून्य नाही. पडलेलं पाणी रानात थांबत नाही, वाहून जातं, ही अडचण.

नायगावच्या देवस्थानाची ४० एकर उजाड जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतली. पत्नी कल्पनाताई या कामात बरोबरीनं उतरल्या. १९७४ च्या सुमारास ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं.

(दृश्य : उतारावरचे बांध, खाली तलाव, त्याच्या खालच्या अंगाला विहीर.)

काम वरून खाली करत आणायचं, हा क्रम महत्त्वाचा. आधी उताराला आडवे समपातळी बांध. बांधाची पातळी जरा जरी चुकली, तरी पाणी नेमकं खोलगट जागी जमतं आणि एका जोरदार सरीत बांध तिथंच फुटतो. मग वरचा बांध खालच्याला घेऊन जातो. म्हणून प्रत्येक बांधाला जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा हवाच. त्यानंतर ओघळीत दगडी ताली, म्हणजे दगड रचून केलेले छोटे बांध. सगळ्यात शेवटी पायथ्याला पाझर तलाव. हा क्रम उलटा केला, तर दोन-चार पावसाळ्यांत तलाव गाळानं भरतो. बारीक माती तळाशी बसली, की पाणी दिसतं भरपूर, पण जमिनीत मुरत नाही. उन्हात उडून जातं.

विहीर तलावाच्या खालच्या अंगाला. मुरलेलं पाणी विहिरीत उतरतं, तिथून पंपानं ते वरच्या शेतांकडं चढवायचं. बघता बघता ओसाड माळावर पिकं उभी राहिली. आसपासच्या गावांतली माणसं बघायला येऊ लागली आणि मग खरा प्रश्न पुढं आला. पाणी अडवलं, ठीक. पण ते कुणाचं?

इथं विलासरावांचं वेगळेपण आहे, आणि आमच्या मते बांध-तलावांपेक्षा ते मोठं आहे. पाणलोटाची कामं इतरांनीही केली. पाण्याची वाटणी घरातल्या माणसांवर बसवायचं धाडस फार थोड्यांनी केलं.

(दृश्य : पारावरची बैठक. वहीत कुटुंबांची नोंद.)

पाणी पंचायतीचे नियम असे. योजना एकट्यादुकट्याला नाही, गटालाच. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन किती, हे विचारायचंच नाही. दहा एकरांचा मालक, घरात माणसं तीन, तर पाणी दीड एकराचं. उरलेले साडेआठ एकर पावसाच्या भरवशावर. शेजारी पाच माणसांचं भूमिहीन कुटुंब असेल, तर त्याचा हक्क अडीच एकरांचा. ते पाणी घेऊन त्यानं कुणाचं रान वाट्यानं करावं. जमीन विकली, तर पाणी तिच्यासोबत जात नाही.

ऊस बंद. यावर सगळ्यात जास्त वाद व्हायचे. गावात पाणी आलं की पहिला विचार उसाचाच येतो. दर ठरलेला, कारखाना तोडून नेतो, राखण कमी. पण ऊस बारा महिने पाणी मागतो. तेवढ्याच पाण्यात ज्वारी-बाजरी, हरभरा, भाजीपाला कितीतरी जास्त रानावर निघतो. एकाला ऊस लावू दिला, की शेजाऱ्यांची पाळी लांबलीच समजा.

पैशाचंही तसंच. योजनेचा खर्च एक लाख धरला, तर २० हजार शेतकऱ्यांनी आधी गोळा करायचे, ५० हजार सरकारी अनुदान आणि ३० हजार प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. गरिबाकडून २० टक्के कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण ज्यानं पदरमोड केलेली असते, तो पाइप फुटल्यावर रात्री कंदील घेऊन धावतो. फुकटच्या योजनेत सरकारी माणसाची वाट बघत बसतात.

(दृश्य : शेतातल्या दंडात, म्हणजे पाटात, वाहणारं पाणी, खोऱ्यानं बारं मोडून ते वाफ्यात वळवणारे हात.)

पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. तो गटानं नेमलेला, त्याचा पगारही गटाचाच. शेतकऱ्यानं स्वतः बारं मोडायचं नाही. कारण सरळ आहे. वरच्या अंगाचा शेतकरी पाळी संपल्यावरही ‘अजून थोडं, शेवटची सरी राहिलीये’ म्हणत पाणी धरून ठेवतो, आणि तळाच्या शेतकऱ्याला ओली मातीसुद्धा मिळत नाही. पाटकरी घड्याळ बघून पाणी तोडतो. शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

अडचणी पुष्कळ, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. उपसा योजनेचा जीव विजेत असतो. व्होल्टेज पडलं की मोटारीचं वाइंडिंग जळतं. वीज अचानक गेली की चढावरच्या पाइपातलं पाणी उलटं येऊन आदळतं. तिथला पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह अडकलेला असला, तर जोड उखडतात. एकदा दुरुस्तीची वर्गणी रखडली की पंप बंद, पंप बंद की पिकं जळाली, आणि मग पुढची वर्गणी कोण देणार? वीजबिलं वाढली, तशी ही साखळी जास्त घट्ट झाली. भोवती खासगी बोअर पडू लागल्या, त्यांना कसलाच नियम नाही. अनेक योजना थंडावल्या. त्यामुळं वाटणीचं तत्त्वच चुकलं, असं म्हणणारेही भेटतात. ते आम्हाला पटत नाही. बंद पडल्या त्या मोटारी. माणशी अर्धा एकराच्या मापामुळं योजना बुडाली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

(दृश्य : विलासरावांचं छायाचित्र. शेजारी कल्पनाताई.)

२००२ मध्ये विलासराव गेले. कल्पनाताईंनी प्रतिष्ठानचं काम पुढं चालवलं.

तीन वर्षांनी, २००५ मध्ये, महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. सिंचन प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातल्या पाण्याचा कोटा त्यात जमिनीवरून ठरतो. टंचाईच्या काळात मात्र प्रत्येक खातेदाराला शक्यतो निदान एक एकर भिजेल एवढं पाणी द्यावं, अशी तरतूद आहे. विलासरावांच्या वाटेवरचं हे एक पाऊल म्हणता येईल. पण ते खातेदारापाशी थांबतं. पाणी पंचायतीच्या वहीत ज्याच्या नावापुढं अडीच एकरांचं पाणी लिहिलं जायचं, तो भूमिहीन त्या तरतुदीत बसत नाही.