माउथ ऑर्गन, मोबाइल आणि न दिसणारी जीभ

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय प्रश्नार्थक छापलाय: 'ऑनलाइन माउथ ऑर्गन शिकता येतो का?' उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लोकल पकडायची आहे ते मोकळे. येतो. माझं तर म्हणणं असं की तबला किंवा सतारीपेक्षा हे वाद्य ऑनलाइन शिकायला जास्त सोयीचं आहे.

तबल्याचे गुरुजी समोर असले की तुमचं बोट धरून चाटेवर नेमकं ठेवतात. सतारीला हाताचा कोन दिसतो, पेटीवर बोटं दिसतात. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्याचं काय दिसतं? दोन तळवे आणि त्यामागे झाकलेलं तोंड. सगळं जे घडतं ते ओठांच्या आत, जिभेच्या मागच्या भागात आणि घशात. गुरुजी मांडी घालून तुमच्या पुढ्यात बसले तरी त्यांना तुमची जीभ दिसत नाही आणि तुम्हाला त्यांची दिसत नाही. पडद्यामुळे जे हरवतं म्हणून आपण हळहळतो, ते या वाद्यात समोरासमोरही कधी नव्हतंच. इथे शिकवणी कानानेच होते.

पण त्याआधी दुकानात होणारा घोटाळा सांगतो, कारण अर्धे लोक तिथेच गळतात. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की 'शोले'तला जय आठवतो (ते तुकडे भानू गुप्ता यांनी वाजवलेत), किंवा 1964 चा 'दोस्ती', ज्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी राहुलदेव बर्मन यांनी माउथ ऑर्गन वाजवला होता. ते डोक्यात ठेवून माणूस दुकानात जातो आणि दुकानदार बहुतेक वेळा त्याच्या हातात लांबलचक, वर-खाली दोन ओळींत छिद्रं असलेला ट्रेमोलो ठेवतो. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्या, सुरात एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या, म्हणून तो थरथरता गोड आवाज येतो. वाद्य उत्तम आहे. पण इंटरनेटवरचे बहुतेक धडे आहेत दहा छिद्रांच्या डायटॉनिकचे, म्हणजे फक्त एका पट्टीचे शुद्ध सूर असलेल्या माउथ ऑर्गनचे. व्हिडिओतले गृहस्थ म्हणतात, "चार नंबर फुंका, आता तोच चार नंबर ओढा." ट्रेमोलोवर एका उभ्या रांगेत एक तर फुंकीचा सूर असतो, नाही तर ओढीचा. त्यामुळे विद्यार्थी ओढत राहतो आणि काही येत नाही. तेव्हा आधी धडा कुठला शिकणार ते ठरवा, मग वाद्य घ्या. दहा छिद्रांचा घेणार असाल तर सी पट्टीचा घ्या, म्हणजे आपली पांढरी एक. बहुतेक धडे त्याच पट्टीत असतात.

आता या दहा छिद्रांची रचना बघा, कारण ती कळल्याशिवाय पुढचं सगळं पोपटपंची होते. फुंकलं की सा ग प, सा ग प, सा ग प, सा. ओढलं की रे प नि रे म ध नि रे म ध. [दोन्ही वाजवून दाखवतात.] मधलं सप्तक, म्हणजे चार ते सात नंबर, पूर्ण आहे. खालच्या सप्तकात मात्र म आणि ध नाहीतच, आणि सर्वांत वर नि नाही. हा कारखान्याचा निष्काळजीपणा वाटेल, पण तो हिशेब आहे. ट्रॉसिंगेन या जर्मन गावात मथियास होनर यांनी 1857 साली हा धंदा सुरू केला, त्यांच्या कंपनीचं 'मरीन बँड' हे मॉडेल 1896 मध्ये आलं, आणि ही वाद्यं वाजत होती ती गावच्या नाचगाण्यांना. मधे चाल वाजवायची आणि डावीकडचे खालचे सूर एकदम फुंकून-ओढून तिला साथ द्यायची. साथीच्या कॉर्डमध्ये म आणि ध आड आले असते, म्हणून ते काढून टाकले.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी पुढे हे वाद्य उलटं धरल्यासारखं वापरलं. फुंकीऐवजी ओढीला मुख्य मानलं आणि गायब असलेले सूर ओढीतून वाकवून काढले. त्यालाच बेंड म्हणतात. ऑनलाइन धड्यांचा मोठा भाग या ब्लूज परंपरेचा आहे. मिसिसिपी विद्यापीठात साहित्य शिकवणारे ॲडम गसॉ यांनी 2007 पासून यूट्यूबवर ब्लूजचे धडे फुकट टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून तर फारच. त्यामुळे 'एक प्यार का' छापाची गाणी वाजवायला निघालेला आपला माणूस दुसऱ्या आठवड्यात ब्लूजच्या शिकागोत पोहोचतो. त्यात वाईट काही नाही. तिथे थांबून बेंड शिकून घ्यावा आणि परत यावं.

बेंडचं गणित सोपं आहे, करणं अवघड. एका छिद्रात दोन रीड असतात, एक फुंकीची, एक ओढीची. त्या दोन सुरांच्या मधे जेवढी जागा, तेवढाच बेंड. दोन नंबरला फुंकीत ग, ओढीत प. ओढीचा प खाली वाकवला की आधी तीव्र म, मग शुद्ध म. हरवलेला म सापडला! तीन नंबरला फुंकीत प आणि ओढीत नि, म्हणजे नि वाकवत कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध असे तीन सूर. पाच नंबरला ग आणि म शेजारी-शेजारी, मधे जागाच नाही, म्हणून तिथे अख्ख्या सुराचा बेंड निघत नाही. कितीही गाल आत ओढले तरी.

आता तो करायचा कसा? इंग्रजी धड्यांत सांगतात, 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' म्हणा. ठीक आहे. पण आपल्याकडून शाळेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य घोकून घेतलंय, ते इथे उपयोगी पडतं. 'ग' म्हणायला जिभेचा मागचा भाग वर जाऊन जिथे टेकतो, तिकडे तो न्या, पण टेकू देऊ नका. टेकायच्या बेतात थांबवा, आणि त्या अरुंद फटीतून श्वास आत घ्या. एक-दोन-तीन नंबरला ही फट मागे, कंठाकडे. चार आणि सहाला ती पुढे, 'य' म्हणतो तिथे, टाळूकडे सरकते. [दोन नंबरवर प वरून म पर्यंत हळूहळू उतरून दाखवतात.] ऐकलंत? प आणि म यांच्या मधे पायरी नाही, घसरण आहे. हीच मींड.

हेन्री बॅनसन नावाचे एक अमेरिकन हृदयशल्यविशारद होते, स्वतः हौशी वादक. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हे तोंडातलं प्रकरण शास्त्रीय पद्धतीने तपासलं आणि 1998 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. म्हणजे जीभ कुठे जाते हे नीट बघायला सर्जनच लागला. तुमच्या गुरुजींना ते दिसेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मींडेवरून आठवलं. 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. मुख्य आक्षेप होता, पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत. पेटी आणि माउथ ऑर्गन एकाच जातीची वाद्यं, दोन्हीत हवेने थरथरणारी धातूची रीड. पण पेटीची हवा भात्यातून येते आणि इथे ती तोंडातून जाते. एवढ्या फरकाने खिशातल्या या खेळण्याला मींड मिळाली. याच्या भाग्यात मैफल नव्हती, हा भाग निराळा.

आता ज्यासाठी मी इतका उत्साहाने आलो तो मुद्दा. धड्यांमध्ये 'पोझिशन' नावाचं प्रकरण येतं: फर्स्ट, सेकंड, थर्ड. त्यासाठी एक चक्र पाठ करायला लावतात आणि लोक घाबरून सोडून देतात. ज्यांच्या कानावर आपलं संगीत आहे त्यांना ती मूर्च्छना आहे, दुसरं काही नाही. सूर तेच ठेवायचे, सा बदलायचा. पांढरी एकच्या या एकाच वाद्यावर चार नंबर फुंकीला सा धरला की बिलावल थाट (थाट म्हणजे रागांचा मूळ सात सुरांचा साचा). चार नंबर ओढीला, पांढरी दोनला, सा धरा: चार ओढ, पाच फुंक, पाच ओढ, सहा फुंक, सहा ओढ, सात ओढ, सात फुंक, आठ ओढ. [वाजवतात.] हा काफी! एकही बेंड न करता. पाच नंबर फुंकीपासून, पांढरी तीनवरून निघा, भैरवी. पांढरी चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. पांढरी सातवर गेलात तर शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून तिथे थाट नाही. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे खिशात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी उरतात, त्यांना बेंड तरी हवेत, नाही तर बटणाचा, सगळे बारा सूर देणारा क्रोमॅटिक. थाट हाताला लागला म्हणजे राग आला असं नाही, हे या सभेत सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

हे करताना मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि त्याची पट्टी दर वेळी बदलायची. काफीला पांढरी दोन, भैरवीला पांढरी तीन. तानपुरा पांढरी एकवर ठेवून भैरवी वाजवली तर कानाला तो बिलावलच ऐकू येईल, कारण सा ठरवतो तो तानपुरा.

टॅबबद्दल माझी तक्रार आहे. नेटवर गाण्यांचे टॅब असतात: 4, मग उणे 4, मग 5. उणे म्हणजे ओढ. त्यात मात्रा नाहीत, सम नाही, सूर किती धरायचा ते नाही. आपल्या स्वरलिपीत हे सगळं असतं. टॅबवरून गाणं बसवणारा माणूस बरोबर छिद्रात असतो आणि तरी गाणं ओळखू येत नाही. आधी गाणं सरगममध्ये म्हणा, मग वाजवा.

आणि ओढताना जोर करू नका. नवशिका दोन नंबर जिवाच्या आकांताने ओढतो, सूर दबतो किंवा घरघरतो, आणि तो वाद्य परत करायला दुकानात जातो. वाद्य ठणठणीत असतं. जबडा खाली सोडा, झोपेत घेतो तसा श्वास घ्या. येतो सूर.

ऑनलाइनमध्ये खरं काय हरवतं ते आता सांगतो. एकत्र वाजवणं हरवतं. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरुजींची सम तुमच्यापर्यंत उशिरा येते, तुमची त्यांच्यापर्यंत त्याहून उशिरा, आणि दोघंही लय ओढत बसतात. थेट तासात एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. दुसरं, हे व्हिडिओ कॉलचे ॲप बोलण्यासाठी बनलेले आहेत. तुम्ही चार मात्रा एक सूर धरलात की त्यांना तो पंख्याचा आवाज वाटतो, आणि ते तो दाबून टाकतात. गुरुजींकडे शांतता, इकडे तुम्ही लाल. झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' अशी सोय आहे, ती चालू करा. इतर ठिकाणी आवाजाची गाळणी बंद करता येते का बघा. ध्वनिमुद्रित धड्यात हा त्रास नाही, पण तिथे तुमचं कुणी ऐकत नाही. त्यावर इलाज एकच: स्वतःचं रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकू नका, लगेच ऐकलं की आपण स्वतःवर फार खूश असतो.

प्रश्न आहे का? हो, आजी, मागच्या रांगेत. "कवळी आहे, जमेल का?" जमेल. ओठ लागतात, दात लागत नाहीत. कवळी घट्ट बसलेली हवी, एवढंच. टाळूवर प्लेट असेल तर बेंडची जागा थोडी शोधावी लागेल, पण साध्या गाण्यांना काही अडत नाही. आणि हे सगळ्यांसाठी: वाजवण्याआधी चूळ भरा. चहा, पेढा, जे काही खाल्लं असेल त्याची साखर थुंकीबरोबर रीडवर जाऊन चिकटते. झाल्यावर छिद्रं खाली करून तळव्यावर दोन-चारदा आपटा आणि जरा वारा लागू द्या, लगेच डबीत बंद करू नका. बाहेर चहा आहे. चूळ भरायला बेसिन डाव्या हाताला.