२५ मायक्रोग्रॅम

श्रोतेहो, नमस्कार.

बारीक मिठाचा एक कण बोटाच्या टोकावर घ्या. त्याचं वजन साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम भरेल. त्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम डीएमबीए उंदराच्या पाठीवर एकदाच लावतात आणि तेवढ्यावर पुढचा सहा महिन्यांचा प्रयोग उभा राहतो. डायमिथाइलबेंझअँथ्रासीन हे त्याचं पूर्ण नाव. ते उच्चारण्याच्या फंदात प्रयोगशाळेतही कुणी पडत नाही. कर्करोग कसा सुरू होतो हे पाहायचं, तर तो सुरू होण्याचा दिवस आपल्याला माहीत हवा; म्हणून संशोधक तो मुद्दाम घडवतात. ज्या रसायनांनी घडवतात, त्यांच्याबद्दल आज बोलू.

काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच सांगितला होता. धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचं त्यांनी वर्णन केलं. पण प्राण्यावर तो घडवून दाखवायला १९१५ साल उजाडलं. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचं डांबर चोळलं, दर दोनतीन दिवसांनी, महिनोन् महिने. हा प्रयत्न आधी इतरांनीही केला होता. या दोघांनी मात्र चिकाटी सोडली नाही, आणि प्राणीही योग्य निवडला. मग प्रश्न आला, डांबरातलं नेमकं काय? लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने दोन टन डांबराचा गाळ वेगवेगळ्या अंशांत तोडत नेला. वाट दाखवायला एक खूण होती: कर्करोग करणारा अंश अतिनील प्रकाशात विशिष्ट तऱ्हेने चमकायचा. त्या चमकेमागे जात १९३३ मध्ये बेंझोपायरीन हाती लागलं.

आता त्या उंदराकडे येऊ. प्रयोग दोन टप्प्यांचा असतो. सात-आठ आठवड्यांच्या माद्या घेतात, कारण एकत्र ठेवलेले नर भांडतात, पाठी ओरबाडतात, आणि जखमेमुळे गाठी वाढतात. मग आकड्यांना अर्थ उरत नाही. पाठीवरचे केस दोन दिवस आधी यंत्राने काढतात. दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ज्यांचे केस उगवू लागलेत, त्यांना बाजूला काढतात. या वयात केसांची मुळं विश्रांतीत असतात. ती जागी झाली की त्वचा जाड होते, तिच्यातल्या पेशी वेगळ्या वागतात, आणि एकाच पिंजऱ्यातल्या दोन उंदरांचे निकाल जुळेनासे होतात.

मग २०० मायक्रोलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवलेले ते २५ मायक्रोग्रॅम पिपेटने पाठीवर थेंबाथेंबाने पसरवतात. एवढंच. उंदीर त्या दिवशीही खातो-पितो, दुसऱ्या दिवशीही. हे एरवीच्या अर्थाने जहाल विष नव्हेच. आठवडाभराने दुसरं रसायन, टीपीए. ते जमालगोट्याच्या, म्हणजे क्रोटनच्या, बियांच्या तेलातून निघालं. दर खेपेला साधारण तीन ते सहा मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा, २० आठवडे. आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला मोहरीएवढ्या चामखिळीसारख्या गाठी दिसू लागतात. एक मिलिमीटरपेक्षा मोठी आणि किमान आठवडाभर टिकलेली गाठच मोजायची, कारण काही गाठी येतात तशा जातात.

नुसतं डीएमबीए या मात्रेत दिलं तर जवळजवळ काहीच होत नाही. नुसतं टीपीए दिलं तरी तसंच. क्रम उलटा केला, आधी टीपीए आणि मग डीएमबीए, तरी गाठी येत नाहीत. पण डीएमबीए लावून कित्येक महिने स्वस्थ बसलात आणि मग टीपीए सुरू केलंत, तर गाठी येतातच. पहिला घाव पुसला जात नाही, हे त्यावरून कळतं. डीएमबीए डीएनएवर जाऊन बसतं आणि एचरास नावाच्या जनुकातल्या ६१व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दात, ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आणून ठेवतं. टीपीए डीएनएला हात लावत नाही. ते प्रोटीन कायनेज सी हे विकर, म्हणजे एन्झाइम, चेतवून पेशींना वाढायला लावतं, आणि त्या गर्दीत बदललेली पेशी पुढे सरकते. मोजताना म्हणूनच नुसत्या ॲसिटोनचा गट, एकट्या डीएमबीएचा आणि एकट्या टीपीएचा, असे तीनही गट सोबत ठेवावे लागतात.

फसगत कुठे होते? बहुतेकदा साध्या गोष्टींत. ॲसिटोन भराभर उडतं. बाटलीचं झाकण उघडं ठेवून ४० उंदरांना रसायन लावत बसलात, तर शेवटच्या उंदराला पहिल्यापेक्षा जास्त मात्रा मिळते. दोन्ही रसायनं उजेडात बिघडतात. बाटली गडद काचेची हवी. आणि उंदराचा वाण: एफव्हीबी जातीत गाठी भरपूर येतात, सी५७ब्लॅक६ मध्ये त्याच मात्रेत फारच थोड्या. वाण न तपासता मात्रा उचलली की प्रयोग ‘लागत नाही’, आणि दोष बिचाऱ्या रसायनावर जातो.

यातली बरीच रसायनं स्वतः होऊन काही करत नाहीत. त्यांना धार शरीरच लावतं. जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने हे उलगडलं. बाहेरचा पदार्थ पाण्यात विरघळता करून बाहेर टाकण्यासाठी यकृतात आणि त्वचेत विकरं असतात. डीएमबीए, बेंझोपायरीन, बुरशीतून येणारं ॲफ्लाटॉक्सिन यांच्यावर ती काम करतात तेव्हा मध्येच एक अतिशय क्रियाशील रूप तयार होतं, आणि ते डीएनएला चिकटतं. एएएफ नावाचं रसायन आधी कीटकनाशक म्हणून पुढे आलं होतं. १९४१ मध्ये ते उंदीरवर्गीय प्राण्यांत कर्करोग करतं असं दिसलं. गिनीपिगला मात्र त्याने काही होत नाही. कारण त्या रसायनाला धार लावणारी पहिली पायरीच गिनीपिगच्या यकृतात जवळपास घडत नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात बोलका प्रयोग. रसायन तेच, शरीर वेगळं.

शरीराइतकंच वय महत्त्वाचं. स्तनाच्या कर्करोगासाठी चार्ल्स हगिन्स यांनी १९६१ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या माद्यांना वयाच्या ५०व्या दिवसाच्या सुमाराला २० मिलिग्रॅम डीएमबीए तेलातून एकदाच पाजलं. दिवस ५०वाच का? त्या वेळी स्तनग्रंथींच्या नळ्यांची टोकं फुटत असतात आणि तिथल्या पेशी झपाट्याने विभागत असतात. वय टळलं की गाठी कमी होतात. यकृतासाठी डीईएन, म्हणजे डायइथाइलनायट्रोसमीन, लहान जातीच्या उंदरांच्या दोन आठवड्यांच्या पिल्लांना किलोला २५ मिलिग्रॅम या हिशोबाने टोचतात. इथे नर घेतात. माद्यांत यकृताच्या गाठी बऱ्याच कमी येतात. मोठ्या आतड्यासाठी ॲझॉक्सिमीथेनचं एक इंजेक्शन, किलोला १० मिलिग्रॅम, आणि आठवड्याने पिण्याच्या पाण्यातून सात दिवस २ टक्के डीएसएस, म्हणजे आतड्याचा दाह घडवणारं डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम. हे डीएसएस मोठं लहरी. प्रत्येक नव्या खेपेच्या डब्याची ताकद वेगळी निघते. जास्त झालं तर प्राणी आतड्याच्या दाहानेच मरतात, कमी पडलं तर गाठी येत नाहीत. म्हणून नवा डबा आला की आधी चारपाच प्राण्यांवर तपासायचा, आणि त्या सात दिवसांत व त्यानंतरचा आठवडाभर रोज वजन करायचं. वजन पाचव्या हिश्शाने उतरलं की तो प्राणी प्रयोगातून काढायचा. नीतिसमितीची परवानगी मिळते ती अशा मर्यादा घालूनच.

प्रत्येक नव्या पदार्थासाठी प्राणी वापरावेत असंही नाही. रसायन जनुक बदलतं का हे पाहणारी ब्रूस एम्स यांची चाचणी १९७० च्या दशकात आली. वाढीला लागणारं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू, रॅटच्या यकृताचा अर्क आणि तपासायचं रसायन ४५ अंशांवरच्या अगरच्या पातळ जेलीत मिसळून बशीत ओततात. ३७ अंशांवर ४८ तासांनी वसाहती मोजतात. जनुक बदलून हिस्टिडीन बनवू लागलेला जिवाणूच वसाहत करतो. यकृताचा अर्क कशाला, हे आता सांगायला नको. वसाहती दिसतात पण मागची जिवाणूंची धूसर साय नाहीशी झालीय, असं असेल तर आनंद मानू नका: रसायनाने जिवाणू मारले आहेत, आणि बशीत मुळात असलेलं थोडंसं हिस्टिडीन उरलेल्या थोड्यांच्या वाट्याला जास्त आलं आहे.

हाताळणीबद्दल थोडं बोलायलाच हवं. साध्या नायट्राइलच्या हातमोज्यातून ॲसिटोन मिनिटांत आरपार जातं आणि विरघळलेलं डीएमबीए सोबत नेतं. थेंब पडला तर हातमोजा त्याच क्षणी बदलायचा. जास्त काम असेल तर आत ब्युटिल रबराचा घालायचा. पेशी वाढवण्याच्या कपाटातली गाळणी कण अडवते, वाफ नाही. म्हणून काम धूर खेचून बाहेर टाकणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करायचं. भुकटी तोलायचीच नाही, ती स्थिर विजेने उडते. बंद कुपीत सुईने द्रावक सोडून तिथेच विरघळवायची. काम संपल्यावर दिवे मालवून अतिनील दिवा फिरवला, तर डीएमबीएचा सांडलेला ठिपका निळसर चमकतो. केनवे यांच्या गटाला वाट दाखवणारी चमकही अशीच. पिंजऱ्यातला भुसा पहिले काही दिवस दूषित समजून जाळण्यासाठी वेगळा ठेवतात.

नष्ट करतानाही घाई नडते. नायट्रोसोमिथाइलयुरिया या आणखी एका कर्करोगकारक रसायनावर तीव्र अल्कली ओतली, तर डायझोमिथेन हा विषारी, स्फोटक वायू निघतो. ॲफ्लाटॉक्सिन ब्लीचने मोडतं खरं, पण त्या क्रियेत क्लोरीन जोडलेलं त्याचंच एक रूप तयार होऊ शकतं, आणि तेही कर्करोगकारक. म्हणून पातळ ब्लीचने काम झाल्यावर, हूडखालीच, त्यात एकूण ५ टक्के भरेल इतकं ॲसिटोन घालतात आणि अर्धा तास ठेवतात. मगच ते द्रावण टाकायच्या पिंपात जातं.

नमस्कार.