‘गॉडफादर’मधला नकार

‘द गॉडफादर’ या १९७२ च्या चित्रपटावर बोलताना आपण बहुधा कुटुंब, निष्ठा आणि सूड यांविषयी बोलतो. मला आज त्यातल्या दोन बैठकींविषयी बोलायचे आहे, कारण अमली पदार्थांवरील बंदी आणि भ्रष्टाचार यांचे नाते तिथे जितके उघडपणे मांडले आहे, तितके एरवी क्वचितच पाहायला मिळते.

पहिल्या बैठकीत सोलोझो हा इसम न्यूयॉर्कमधल्या एका माफिया घराण्याचा प्रमुख असलेल्या डॉन कॉर्लिओनेकडे हेरॉइनच्या धंद्याचा प्रस्ताव घेऊन येतो. अफूची शेती तुर्कस्तानात आहे, तिच्यापासून हेरॉइन तयार करण्याची सोय सिसिलीत आहे. मालासाठी त्याचे काहीच अडलेले नाही. त्याला दहा लाख डॉलर रोख हवे आहेत आणि त्याहून निकडीने हवे आहेत ते डॉनने सुट्या नाण्यांसारखे खिशात बाळगलेले राजकारणी. मोबदला म्हणून तो नफ्यातला ३० टक्के वाटा देऊ करतो. हा वाटा कशाचा आहे? भांडवल तर कुणीही सावकार पुरवू शकला असता. बंदी असलेल्या धंद्यात सर्वांत दुर्मीळ कच्चा माल म्हणजे संरक्षण, आणि ही किंमत मुख्यतः त्याची आहे.

डॉन नकार देतो. या नकारात नीतिमत्ता शोधणारे प्रेक्षक मला नेहमी भेटतात. परंतु कोण पोटासाठी काय करतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, हे तो तिथेच सांगून टाकतो. त्याचे कारण हिशेबी आहे. राजकारणी मित्र जुगाराकडे निरुपद्रवी व्यसन म्हणून काणाडोळा करतात, पण अमली पदार्थांचा धंदा आहे असे कळले तर ते फार काळ मित्र राहणार नाहीत. म्हणजे लाच घेणाऱ्यालाही लोकलज्जेची एक मर्यादा असते आणि डॉनची सारी पुंजी त्या मर्यादेच्या अलीकडे गुंतलेली आहे. (आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी आणि हप्ता यांची जी सांगड बसली, तीही याच मर्यादेच्या अलीकडची होती, दारू पिणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला समाजाने मनापासून गुन्हेगार मानलेच नाही.)

याला उत्तर डॉनचा सल्लागार टॉम हेगन आधीच देऊन बसला आहे. आपण हा धंदा घेतला नाही तर इतर घराणी घेतील, त्या पैशातून ती अधिक पोलीस आणि अधिक राजकारणी विकत घेतील आणि मग आपल्यावर चालून येतील, असा त्याचा युक्तिवाद. मर्यादा पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला नफा, असे हे गणित आहे. पुढे मॅक्लस्की हा पोलीस कॅप्टन सोलोझोचा पाठीराखा म्हणून समोर येतो, तेव्हा ते खरे ठरलेले दिसते. त्याला ठार मारावे असे डॉनचा मुलगा मायकेल सुचवतो आणि त्याच वेळी आपल्या पगारावरच्या पत्रकारांची आठवण करून देतो: अमली पदार्थांत हात बरबटलेला पोलीस अधिकारी ही बातमी त्यांना आवडेल. जुगाराचा हप्ता खाणाऱ्या कॅप्टनसाठी शहर हळहळले असते; याच्यासाठी हळहळणार नाही. लोकलज्जेचा असा शस्त्रासारखा वापर मला या पटकथेतली सर्वांत चलाख गोष्ट वाटते.

हे सारे कल्पित म्हणून सोडून द्यावे, तर त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये काय चालले होते ते पाहावे लागते. फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या पोलिसांनी वाचा फोडल्यावर महापौर लिंडसे यांनी १९७० मध्ये पोलिसांतील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नॅप आयोग नेमला. आयोगाच्या अहवालात ‘स्वच्छ’ आणि ‘घाणेरडा’ पैसा असा भेद नोंदवलेला आहे: जुगाराचा हप्ता बिनदिक्कत खाणारे पोलीस पूर्वी अमली पदार्थांच्या पैशाला हात लावत नसत, पण तो संकोच पुढे मावळला. डॉनने केलेला भेदच हा, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. १९७२ च्या अखेरीस असे उघडकीस आले की ‘फ्रेंच कनेक्शन’ या फ्रान्समार्गे होणाऱ्या तस्करीच्या प्रकरणात जप्त केलेले हेरॉइन पोलिसांच्याच मुद्देमालाच्या कोठारातून लंपास झाले असून पाकिटांत पीठ भरून ठेवलेले आहे.

आता दुसरी बैठक, घराण्यांच्या प्रमुखांची. बार्झिनी म्हणतो, कॉर्लिओनेने आपल्या विहिरीतून इतरांनाही पाणी भरू द्यावे. त्याचे बिल त्याने खुशाल लावावे, आपण काही कम्युनिस्ट नाही. विहीर म्हणजे न्यायाधीश आणि राजकारणी. जालुकी हा दुसरा प्रमुख सांगतो की त्याने आपल्या माणसांना या धंद्यापासून दूर राहण्यासाठी वर्षानुवर्षे जादा पैसे दिले, पण तीन-चार हजार डॉलर गुंतवून पन्नास हजार मिळत असतील तर त्यांना मोह आवरत नाही. शेतात उगवणाऱ्या पिकावर एवढा नफा कशाचा? पकडले जाण्याच्या धोक्याचा. पुढे १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी अमेरिकेने किमान शिक्षा सक्तीच्या केल्या आणि वाढवल्या, म्हणजे त्या धोक्याची किंमतही वाढवली. १९५९ मध्ये व्हिटो जेनोव्हेसी या खऱ्याखुऱ्या माफिया प्रमुखाला अमली पदार्थांच्याच गुन्ह्यात १५ वर्षांची शिक्षा झाली, पण धंदा थांबला नाही.

जालुकीची एक अट मात्र अंगावर येते. शाळांजवळ, मुलांना हा माल विकायचा नाही. आपल्या शहरात तो काळ्या लोकांपुरता ठेवायचा. त्याला कुणीही हरकत घेत नाही. प्रत्यक्षात न्यूयॉर्क राज्याने १९७३ मध्ये गव्हर्नर रॉकफेलर यांच्या नावाने ओळखले जाणारे अमली पदार्थविरोधी कायदे केले, ज्यांत मोठ्या गुन्ह्यांसाठी १५ वर्षे ते जन्मठेप अशी तरतूद होती. त्यांखाली तुरुंगात गेलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचेच प्रमाण फार मोठे राहिले.

तरीही बंदी उठवा, भ्रष्टाचार संपेल, असा निष्कर्ष या चित्रपटातून काढणे मला घाईचे वाटते. हेरॉइनच्या आहारी गेलेला एकही माणूस तो ठळकपणे दाखवत नाही, त्यामुळे बंदीच्या बाजूचा युक्तिवाद त्यात ऐकूच येत नाही. शिवाय अमेरिकेतली १९२० ची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा टोळ्यांचा दारूवरचा नफा गेला, टोळ्या मात्र राहिल्या. चित्रपटात आपल्याला भेटणारे कॉर्लिओने घराणे त्यानंतरचेच आहे. जुगार आणि कामगार संघटना यांवर ते उत्तम चालले आहे आणि दर्शनी व्यापार ऑलिव्ह तेलाच्या आयातीचा आहे.