अलिबाग: डांबरी रस्ता संपतो तिथवरच गाडी

[दृश्य: भाऊचा धक्का, रो-रोच्या रॅम्पवर चढणाऱ्या गाड्या]

मुंबईहून गाडी घेऊन अलिबागला जायचे दोन मार्ग. त्यातला एक हा, पाण्यावरचा. 2020 सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट सुटते आणि तासाभरात पलीकडे उतरवते. गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवावं. शनिवारी सकाळी धक्क्यावर जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नये. रॅम्पवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, सावकाश चढवायची. आत खलाशी हातानं दाखवतील तिथं, पुढच्या गाडीला जवळजवळ खेटून लावायची. हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवायची, आरसे मिटायचे. मग सगळ्यांनी वरच्या मजल्यावर जायचं. बोट चालू असताना गाडीत बसून राहता येत नाही.

मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. चोंढी, किहीम फाटा, थळ अशी गावं लागतात आणि रस्ता अगदी घरांच्या अंगणाला लागून जातो. इथं चाळीसच्या वर वेग नको.

दुसरा मार्ग पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ. अटल सेतूवरून आलात तरी पेणच्या आधी याच रस्त्याला लागायचं. वडखळला मुंबई-गोवा महामार्ग सोडून उजवीकडे, मग धरमतरचा पूल, पोयनाड, कार्लेखिंड. खोळंबा होतो तो वडखळ ते पोयनाड, कारण अवजड ट्रेलर आणि पर्यटकांच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातच्या आत वडखळ मागे टाकावं.

[दृश्य: अलिबागची बाजारपेठ, मिनीडोर]

गावातले रस्ते अरुंद. गाडी एकदा लावली की पायी फिरावं. आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्याकडे जायला एसटी आहे, मिनीडोर म्हणजे मोठी तीनचाकी रिक्षा आहे. समुद्राजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावणार, त्यानं चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याचं हे काम 1904 साली इथं आणलं.

[दृश्य: ओहोटी, वाळूत रुतलेली मोटार]

ओहोटी लागली की अलिबागची पुळण लांबवर उघडी पडते. काळसर, सपाट, पायाला डांबरासारखी टणक लागते, आणि चालक फसतो तो इथंच. ही वाळू घट्ट असते ती कणांमधल्या ओलाव्यामुळे. चालती गाडी तिच्यावरून निघून जाते. थांबली, की वजनानं खालचं पाणी वर येतं, कण सुटे होतात आणि टायर दोन बोटं खाली बसतो.

आता हे पुढचं चाक पाहा. चालकानं ॲक्सिलरेटर दाबलाय आणि चाक जागीच फिरतंय. दर फेऱ्याला वाळू मागे उडतेय, खड्डा वाढतोय. बहुतेक छोट्या गाड्यांचा जोर पुढच्या चाकांवर आणि इंजिनाचं वजनही पुढेच, त्यामुळे नाक खाली जातं. गाडीचं पोट वाळूला टेकलं की चाकांवरचा भार जातो. मग दहा जणांनी ढकलूनही ती हलत नाही.

म्हणून चाक पहिल्यांदा फिरलं की लगेच पाय काढायचा. माणसं उतरवायची. आधी पोटाखालची, मग चाकांलगतची वाळू हातानं ओढून काढायची. टायरमधली हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. चाकाखाली गाडीतल्या रबरी मॅट किंवा झावळ्या सरकवायच्या, स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि आलो त्याच चाकोरीनं रिव्हर्स घ्यायचं. तरी निघाली नाही तर ट्रॅक्टर. दोर टो-हुकालाच बांधायचा. बंपरला बांधला तर बंपरच उखडून येतो. दोर ताणलेला असताना जवळपास कुणी उभं राहायचं नाही. आणि हे सगळं पाणी परत यायच्या आत.

खारं पाणी इंजिनात गेलं तर किल्ली फिरवायची नाही, बॅटरीची तार सोडवून गाडी उचलूनच न्यायची.

या पुळणीवर पोरं खेळतात, खेकड्यांची बिळं आहेत. गाडी डांबरी रस्ता संपतो तिथंच लावा, हे आम्ही निक्षून सांगतो.

[दृश्य: कुलाबा किल्ला, पाण्यातून जाणारी घोडागाडी]

अलिबागच्या पुळणीसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर जायला घोडागाडी आहे, पायी वाट आहे, भरतीला होडी आहे. वेळ ठरते ती तिथीवरून. या किनाऱ्यावरचा हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार; भरती पावणेचारला, तर ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास. अर्ध्या तासाची चूकभूल धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण तितक्याच जोरानं परतही येतं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी. ते पुरतं ओसरत नाही, कपडे भिजणारच.

पुळणीवरून निघायचं ते ओहोटीच्या तासभर आधी. पंचमीचाच दिवस धरला, तर पावणेनऊला चालायला लागायचं आणि साडेदहाच्या सुमारास किल्ल्याच्या दरवाजातून परत फिरायचं. उशीर झालाच तर पाण्यात पाय घालायचा नाही, होडी करायची.