परवाना नेमका कोणासाठी?

पक्षाघातानंतर माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधलेला असतो. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम आणि हालचालींतून उपचार करणारा थेरपिस्ट, एका हाताने तो पट्टा मागून घट्ट धरतो आणि स्वतःच्या गुडघ्याने त्याचा लुळा गुडघा अडवून ठेवतो. तो आधार क्षणभर सुटला तरी माणूस कोसळेल. समोरच्याला हे काम येतं की नाही, हे तपासायची सोय त्या रुग्णाकडे नसते. ती तपासणी त्याच्या वतीने आधीच कोणीतरी केलेली असावी लागते. अमेरिकेत थेरपिस्टची ही तपासणी करून त्याला परवाना देण्याची जबाबदारी राज्यांची आहे आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. व्यावसायिकांची संघटना वेगळी आणि परवाना देणारं राज्याचं मंडळ वेगळं. १९२१ साली स्थापन झालेली अमेरिकन संघटना थेरपिस्टांची बाजू मांडते. ते तिचं कामच आहे. मंडळ मात्र रुग्णासाठी असतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे स्पष्टच आहे: जनतेचं संरक्षण आणि दुसरं कुठलंही हित आमनेसामने आलं, तर जनतेचं संरक्षण श्रेष्ठ.

परवाना मिळण्याची वाट थोडक्यात सांगतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करायचा, मग राष्ट्रीय परीक्षा द्यायची. २०० ते ८०० च्या पट्टीवर ६०० गुण मिळाले की उत्तीर्ण. परीक्षा देशभर एकच, परवाना मात्र ज्या त्या राज्याचा. अनेक राज्यांनी आपसात करार केला आणि २०१८पासून करारातल्या दुसऱ्या राज्यात काम करण्याची परवानगी सोप्या मार्गाने मिळू लागली.

पूर्वी डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय थेरपिस्टकडे जाता येत नसे. नेब्रास्का राज्याने १९५७ साली हा दरवाजा उघडला आणि २०१५पर्यंत पन्नासही राज्यांत थेट जाण्याची कुठल्या ना कुठल्या स्वरूपात मुभा झाली. कॅलिफोर्नियात ही मुभा ४५ दिवस किंवा १२ भेटी, यांतलं जे आधी पुरं होईल तेवढीच. पुढच्या उपचारांना डॉक्टरची मंजुरी लागते. मला ही मुभा योग्य वाटते. पण तिने जबाबदारी किती वाढवली, ते बघा. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या मणक्यात गाठ असेल, तर ती शंका पहिल्यांदा याच थेरपिस्टला यायला हवी. ‘हे माझ्या हातचं नाही, तुम्ही डॉक्टरकडे जा’ असं त्याने वेळेत म्हणायला हवं.

आता मंडळावर बसतं कोण? कॅलिफोर्नियात सात सदस्य: चार थेरपिस्ट, तीन सामान्य नागरिक. व्यवसायातली चूक ओळखायला व्यवसायातली माणसं लागतातच, हे मान्य. पण आपल्याच माणसांचा न्याय करताना हात आखडतो आणि बाहेरच्यांना रोखताना तो सैल सुटतो, ही भीती खरी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या दंतवैद्यकांच्या मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या बिगरदंतवैद्यांना काम थांबवण्याची पत्रं धाडली. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय दिला, की ज्या मंडळावर त्याच धंद्यातल्या लोकांचं वर्चस्व आहे, त्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल तर धंद्यातली स्पर्धा रोखायला बंदी करणाऱ्या कायद्यातून त्याला सूट नाही. खटला दातांचा, पण धडा सगळ्याच मंडळांना. माझं मत विचाराल तर नागरिक सदस्य निम्मे तरी हवेत.

मंडळाची खरी कसोटी तक्रारीत लागते. ज्या व्यवसायात अंगाला हात लावणं हेच काम, तिथे कुठला स्पर्श उपचाराचा आणि कुठला नाही, हे रुग्णाला चटकन कळत नाही. आपल्यालाच काही गैरसमज झाला असेल असं समजून तो गप्प बसतो. म्हणून पुढची वाट ठाऊक असावी. कॅलिफोर्नियात तक्रारीला वकील लागत नाही. चौकशी गोपनीय राहते. पुरावा पुरेसा असेल तर ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयामार्फत आरोपपत्र दाखल होतं आणि त्या दिवसापासून ते सार्वजनिक होतं. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालते, अंतिम निर्णय मंडळाचा. पहिल्या भेटीला जाण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर थेरपिस्टचं नाव टाकलं, की परवाना चालू आहे का, मुदत कधी संपते आणि काही कारवाई झाली आहे का, हे कोणालाही विनामूल्य वाचता येतं.